कुणाच्या हाताखाली?

प्रत्येक उपकेंद्रात एक शेरेबुक असतं. टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या कव्हरात, बहुतेक वेळा बाकीच्या रजिस्टरांपेक्षा स्वच्छ, कारण ते रोज लागत नाही. साहेब आले की बाहेर निघतं. साहेब दोन ओळी लिहितात, सही करतात, तारीख टाकतात आणि जीपमध्ये बसतात. आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेण्याच्या निमित्ताने काही वर्षं मी उपकेंद्रं हिंडलो आणि हळूहळू ही शेरेबुकं वाचायचा नाद लागला. शेरे साधारण एकाच वळणाचे. 'आज रोजी उपकेंद्रास भेट दिली. स्वच्छता समाधानकारक.' 'नोंदी अद्ययावत कराव्यात.' 'मुख्यालयी राहावे.' 'काम असमाधानकारक, सुधारणा करावी.' एका शेरेबुकात 'नोंदी अद्ययावत कराव्यात' हे वाक्य तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होतं. तिन्ही साहेबांना नोंदी मागे पडलेल्या दिसल्या. त्या का मागे पडतात, हे खुर्ची ओढून बसून त्या बाईला विचारायला एकालाही सवड झाली नसावी.

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याचा सगळा डोलारा जिच्या खांद्यावर उभा आहे, ती आरोग्यसेविका, म्हणजे गावाच्या भाषेत 'सिस्टर' किंवा 'नर्सबाई', नोकरीला लागल्यानंतर शिकते कशी, कुणाकडून आणि किती, हा या लेखाचा विषय आहे. वरवर तो खात्याचा अंतर्गत प्रश्न वाटतो. पण मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार माणसांमागे एक उपकेंद्र, हा आपला निकष आहे. म्हणजे त्या एका बाईला काय येतं आणि काय येत नाही, यावर तीन ते पाच हजार माणसांचं बरंच काही अवलंबून असतं.

१९९२ साली पास होऊन नोकरीला लागलेली एक आरोग्यसेविका डोळ्यांसमोर आणा. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, अभ्यासक्रम मुळात दोन वर्षांचा होता. १९७७मध्ये तो दीड वर्षाचा झाला होता, तो तिने केला. बीसीजी, त्रिगुणी, पोलिओ, गोवर आणि गरोदर बाईला धनुर्वाताची लस एवढं तिचं लसीकरण. काचेच्या सिरिंजा प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करून घ्यायच्या, सत्राला निघायचं. आज ती निवृत्तीला टेकली आहे. मधल्या काळात त्रिगुणीच्या जागी पेंटाव्हॅलंट आली. २५ एप्रिल २०१६ला देशभर एकाच दिवशी जुनी पोलिओची लस बंद होऊन नवी सुरू झाली. शिवाय पोलिओचं इंजेक्शन आलं, तेही कातडीच्या आत द्यायचं, म्हणजे हाताला वेगळंच कसब हवं. गोवरच्या जागी गोवर-रुबेला आली, रोटा आली, न्यूमोनियाची लस आली, २०१९मध्ये टीटी जाऊन टीडी आली. काचेची सिरिंज गेली आणि एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज आली. २०१८नंतर उपकेंद्राचं 'आरोग्यवर्धिनी केंद्र' झालं आणि तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा नि गर्भाशयमुखाचा कर्करोग हेही तिच्या यादीत चढलं. वर टॅब आला, पोर्टल आलं, एकाच्या जागी चार ॲप आले.

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९८४मध्ये एक पुस्तक लिहिलं. परिचारिका नवशिकेपणापासून निष्णातपणापर्यंत पाच पायऱ्या चढते, अशी त्यांची मांडणी. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कितीही अनुभवी परिचारिका असू दे, तिला अजिबात ओळखीच्या नसलेल्या प्रकारच्या रुग्णांसमोर उभं केलं की ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. आपण नेमकं हेच करत आलो आहोत. ज्या बाईने शेकडो बाळंतपणं हाताळली, तिच्या हातात एक दिवस ग्लुकोमीटर दिला आणि मधुमेहाचा पेशंट समोर बसवला. पंचवीस वर्षांच्या नोकरीची ज्येष्ठता तिथे कामाला येत नाही. ती नवशिकी असते आणि नवशिकी आहे हे कबूल करायची तिला सोय नसते.

मग खातं काय करतं? ट्रेनिंग लावतं.

ट्रेनिंगबद्दल मी तिऱ्हाइतासारखं लिहू शकत नाही, कारण अशी ट्रेनिंग मी दिली आहेत. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह. सकाळी दहाची वेळ, पण एसट्या येईपर्यंत साडेअकरा. आधी हजेरीपट, मग दीपप्रज्वलन, मग साहेबांचे दोन शब्द, जे चाळीस मिनिटं चालतात. मग माझ्या स्लाइड. जेवणानंतर पंखा वर गरगरतो आणि खाली साठ बायका डोळे उघडे ठेवायची शिकस्त करतात. मागच्या रांगेत कुणी मांडीवर रजिस्टर घेऊन महिन्याचा रिपोर्ट पुरा करत असतं आणि मी ते न पाहिल्यासारखं करतो. चार वाजता 'काही शंका?' कुणालाच शंका नसते. शंका विचारली तर पुढची एसटी चुकते. शेवटी सह्या, प्रवासभत्त्याचा फॉर्म, ग्रुप फोटो. संध्याकाळी फोटो वर पाठवला जातो आणि कागदावर साठ जणी 'प्रशिक्षित' होतात.

एका ट्रेनिंगमध्ये मी गरोदर बाईला झटके आले तर द्यायच्या मॅग्नेशियम सल्फेटबद्दल शिकवलं होतं. पहिला डोस दहा ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूत, आणि लगेच पुढे पाठवायचं. प्रशिक्षित आरोग्यसेविकेला हा डोस द्यायची मुभा आहे. सगळ्यांनी लिहून घेतलं, चाचणीत बहुतेकींना पूर्ण गुण. सहा महिन्यांनी त्यातल्याच एकीच्या उपकेंद्रात गेलो असताना सहज विचारलं, तर तिने कपाट उघडून अँप्युल्स दाखवल्या, डोस मात्र आठवेना. ती ओशाळली. खरं म्हणजे ओशाळायला मी हवं होतं. पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात हजारी पंधराचा जन्मदर धरला तर वर्षाला पाऊणशे बाळंतपणं, त्यातली बहुतेक मोठ्या दवाखान्यात. झटक्यांची बाई तिच्यासमोर कदाचित पाच-सात वर्षांत एकदा येईल. जे क्वचित लागतं पण लागलं तर त्या क्षणी लागतं, असं ज्ञान एका दुपारच्या स्लाइडवर टिकत नाही. त्याची वरचेवर उजळणी लागते, हाताला लागते, आणि उजळणी करून घेणारं माणूस लागतं.

या माणसाला मराठीत काय म्हणायचं? 'मेंटॉर' हा शब्द आता सरकारी कागदांत रुळला आहे. त्याचं 'मार्गदर्शक' असं भाषांतर होतं, पण 'मार्गदर्शन' या शब्दाचं आपण फार वाटोळं केलं आहे. आपल्याकडे मार्गदर्शन व्यासपीठावरून होतं आणि त्यानंतर शाल-श्रीफळ देतात. आपल्या भाषेत त्याहून जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे: हाताखाली शिकणं. गवंडी, सुतार, आचारी, वकील, गवई, साऱ्यांना आपण विचारतो, 'कुणाच्या हाताखाली शिकलात?' आखाड्यातला वस्ताद रोज कुस्ती खेळत नाही. तो काठावर बसून बघतो, आणि एखाद्या दिवशी उठून मांडीला हात घालून सांगतो, 'पाय इथं.' पण याच 'हाताखाली'ला दुसरा अर्थ आहे. 'माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत' असं साहेब म्हणतात तेव्हा तिथे शिकणं नसतं, अंमल असतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेत या दोन अर्थांची अदलाबदल कशी झाली, ही गोष्ट पाहण्यासारखी आहे.

१९१८मध्ये दिल्लीत लेडी रीडिंग हेल्थ स्कूल निघालं. घरोघर जाऊन आया-बाळांची काळजी घेणाऱ्या 'हेल्थ व्हिजिटर' तिथे तयार होऊ लागल्या. त्यांचीच पुढे लेडी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे एलएचव्ही झाली. १९४६च्या भोर समितीच्या अहवालाने गावपातळीपर्यंत आरोग्यसेवेचा आराखडा मांडला. १९७३मध्ये कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या योजनांचे सुटे कर्मचारी एकत्र करून 'बहुउद्देशीय' कर्मचारी करायला सांगितले. एएनएमची आरोग्यसेविका झाली आणि एलएचव्ही तिची पर्यवेक्षक. कल्पना चांगलीच होती. साधारण सहा उपकेंद्रांमागे एक अनुभवी बाई, स्वतः त्या वाटेने गेलेली, दर आठवड्याला कुठल्या तरी सेविकेसोबत फिरणारी. म्हणजे आज ज्या 'मेंटॉरिंग'वर परिषदा भरतात, ते पद आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच कागदावर तयार होतं.

पण त्याच दशकात कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा वरवंटा फिरला. किती केसेस झाल्या, किती राहिल्या, कोण मागे. एलएचव्हीचं काम शिकवण्याऐवजी आकडे गोळा करण्याचं झालं. एप्रिल १९९६पासून देशभर उद्दिष्टमुक्त धोरण आलं, पण उद्दिष्टाची सवय गेली नाही. आकडा बदलला, मागणारा आवाज तोच राहिला. आज व्हॉट्सॲपवर दिवसाला चार वेळा 'तातडीचे' आणि 'अति तातडीचे' येतं, ते त्या सवयीचंच नवं रूप. शिकवणारा हात असा दाबणारा हात झाला.

तरीही काही बायकांनी पहिला अर्थ जपला. अशा एका एलएचव्हींसोबत मी एकदा एका उपकेंद्रात गेलो होतो. त्या निवृत्तीला आलेल्या, सगळे त्यांना 'ताई' म्हणत. तिथली सेविका तरुण, नोकरीला दोन वर्षं झालेली. मी सवयीने गरोदर बायांचं रजिस्टर उघडलं. रक्तदाबाच्या रकान्यात पानभर १२०/८०, मध्येच एखादं ११०/७०, पुन्हा १२०/८०. हे आकडे मोजलेले नाहीत, हे सांगायला डॉक्टर असायची गरज नव्हती. माझ्या तोंडावर शब्द आलेच होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाल्या, "अगं, यंत्र आण बघू. खूप दिवसांत मी स्वतः बीपी घेतला नाही, हात बसलाय का बघते."

यंत्र आलं. फुगा दाबला की हवा सुटत होती, नळीला चीर गेली होती. "कधीपासनं गं?" मुलगी गप्प. मग हळूच म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासनं. सांगितलं असतं तर माझ्याकडनं भरून घेतलं असतं, ताई." ताई एवढंच म्हणाल्या, "बरं." पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं. बाहेर तपासणीला आलेल्या बाया बसल्या होत्या. पहिली शेतातून तडक आलेली. मुलगी कफ बांधायला लागली तशा ताई त्या बाईला म्हणाल्या, "बस जरा, पाणी पी, पाय खाली टेक." पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं. मग ब्लाऊजची बाही वर करायला लावली, हात टेबलावर काळजाच्या उंचीला ठेवला. "आता घे. माझ्याशी बोलू नको, तिच्याशीही बोलू नको. ऐक." दुपारपर्यंत दोघींनी मिळून नऊ जणींचा रक्तदाब घेतला. आठवा महिना लागलेल्या एकीचा १५०/१०० निघाला. दोनदा घेतला, तेवढाच. पायावर सूज होतीच, पण 'गरोदरपणात असतेच' म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली. १०२ची गाडी बोलावून तिला पुढे पाठवलं.

निघताना ताईंनी शेरेबुकात लिहिलं: 'बीपीचे यंत्र नादुरुस्त, बदलून दिले. नऊ मातांचा बीपी सिस्टरसोबत घेतला. एक माता संदर्भित.' परतीच्या वाटेवर मी विचारलं, त्या खोट्या आकड्यांचं काय? त्या म्हणाल्या, "नोटीस दिली असती तर पुढच्या महिन्यात तिने १२०/८०च्या जागी १२४/७८ लिहिलं असतं."

तपासणीच्या नजरेला खोटी नोंद दिसली होती. सोबतीला आलेल्या बाईला चिरलेली नळी आणि तिच्यामागची भीती दिसली. ज्याच्या हातात शिक्षा आहे, त्याच्यासमोर कुणी 'मला येत नाही' असं म्हणत नाही. आणि 'मला येत नाही' हे म्हणता आल्याशिवाय शिकणं सुरूच होत नाही. मेंटॉरिंगचं सगळं शास्त्र मला या दोन वाक्यांत दिसतं.

अर्थात एका ताईंची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा पुरावा उत्तर प्रदेशातून आला आहे. अतुल गावंडे हे अमेरिकेतले सर्जन आणि लेखक. त्यांचे वडील मूळचे विदर्भातल्या उटी गावचे. त्यांच्या गटाने उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत एक मोठी चाचणी केली. निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची यादी दिली आणि ती वापरायला शिकवण्यासाठी प्रशिक्षक आठ महिने वरचेवर येत राहिले, आधी सारखे, मग कमी कमी. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांचा हा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा सोबत मिळालेल्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के कृती होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा होता. बारा महिन्यांनी, म्हणजे प्रशिक्षक यायचे थांबल्यावर चार महिन्यांनी, हे प्रमाण ६२ टक्क्यांवर घसरलं. आणि मुख्य प्रश्नाचं, म्हणजे माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत कमी झाली का याचं, उत्तर 'नाही' असं आलं. दोन्हीकडे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपासच राहिलं.

हा निकाल मेंटॉरिंगच्या समर्थकांनी दडपून ठेवू नये आणि विरोधकांनी नाचवू नये. माझ्या मते त्यातून दोन धडे निघतात. एक, सोबतीने माणसाचं काम बदलतं आणि सोबत सुटली की ते उतरणीला लागतं. म्हणून सोबत ही मोहीम असून चालत नाही, ते कायमचं पद असावं लागतं. दुसरा धडा अधिक कडू आहे. सिस्टर कितीही शिकली तरी रक्त, भूल देणारा डॉक्टर, वेळेवर गाडी आणि पुढच्या दवाखान्यात तयार माणूस नसेल तर तिचं शिकणं एकटं जीव वाचवू शकत नाही. प्रशिक्षण हे रिक्त पदांवरचं औषध नाही. बिहारमध्ये 'अमानत' या नावाने आणि उत्तर कर्नाटकातही अनुभवी परिचारिका आरोग्य केंद्रांत जाऊन, तिथेच थांबून, तिथल्या परिचारिकांना शिकवत होत्या. दिशा हीच. पण असे प्रयोग बहुधा प्रकल्प म्हणून येतात आणि निधी संपला की जातात.

महाराष्ट्राने तरी हे बाहेरून शिकायची गरज नाही. १९७०मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा आधी गावात एएनएम ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकटी राहणारी ती तरुण मुलगी बावरलेली असे आणि गावालाही ती आपली वाटेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, कित्येक निरक्षर. त्या गावात टिकल्या यामागे एक साधी व्यवस्था होती. त्या नियमाने जामखेडला एकत्र येत, आपल्या गावात काय झालं ते एकमेकींना सांगत, चुका मांडत, नवं शिकत. आणि फिरतं पथक त्यांच्या गावात त्यांच्यासोबत जाई. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. तिथेही गावातली बाई एकटी सोडलेली नव्हती. तिच्या कामावर कुणाची तरी नियमित, जाणती नजर होती. या दोन्ही ठिकाणांचं कौतुक करताना आपण नेहमी गावच्या बाईचं सामर्थ्य सांगतो. तिच्या पाठीमागच्या सोबतीचा हिशेब सांगायला विसरतो. आणि सरकारी सिस्टरला मात्र जामखेडला फसलेल्या त्या पहिल्या प्रयोगातल्या मुलीइतकंच एकटं ठेवतो.

आता नियमाचं बोलू. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अट घातली आहे. अट योग्यच आहे. पण तास मोजणं आणि शिकणं यांत अंतर आहे. शहरातल्या हॉटेलात रविवारी परिसंवाद होतो, प्रमाणपत्र मिळतं, तास भरतात. अक्कलकुव्याच्या किंवा भामरागडच्या सिस्टरने तिथे कसं यायचं? आणि आलीच, तरी तिथे ऐकलेलं तिच्या नदीपलीकडच्या पाड्यावर कसं लावायचं, हे कोण सांगणार? ताईंसोबत घेतलेला नऊ बायांचा रक्तदाब या १५० तासांत धरला गेला पाहिजे. ज्या दिवशी तो धरला जाईल, त्या दिवशी निरंतर शिक्षण गावापर्यंत पोचलं असं मी म्हणेन.

दुसरी एक संधी आपल्या डोळ्यांदेखत वाया चालली आहे. २०१८नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. कुणी बीएस्सी नर्सिंग, आपल्याकडे बरेच बीएएमएस. वय पंचविशी, नोकरी कंत्राटी, पद मोठं. शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीची सिस्टर, जिला गावातल्या प्रत्येक घरातलं बाळंतपण ठाऊक आहे. खुर्ची कुणाची मोठी यावरून धुसफूस होते आणि दोघंही आपापल्या ॲपमध्ये तोंड घालून बसतात. त्याने तिला साखरेचं नि रक्तदाबाच्या गोळ्यांचं शिकवावं, तिने त्याला बाळंतीण कशी ओळखायची आणि सासूशी कसं बोलायचं हे शिकवावं. यासाठी पैसा लागत नाही. आठवड्यातला एक तास लागतो, आणि तो तास कामाचा धरला जाईल एवढा विश्वास लागतो.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एलएचव्हीची पदं भरा आणि त्यांच्याकडून रिपोर्ट गोळा करण्याचं काम काढून घ्या, आकडे आता पोर्टलवर आपोआप जातात. शिकवणाऱ्या बाईच्या हातात कारवाईचा कागद देऊ नका. ते काम करायला बाकीचे पुष्कळ आहेत. साठ जणींच्या सभागृहातलं एक ट्रेनिंग रद्द करून त्याच पैशात सहा-सहा जणींच्या बैठका प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्या. तिथे पुतळा असू दे, अँप्युल असू दे, आणि झटके आलेल्या बाईची रंगीत तालीम दर तीन महिन्यांनी होऊ दे.

आणि एवढंही जमत नसेल, तर निदान शेरेबुकाचं पान बदला. तारीख, नाव, हुद्दा, शेरा, सही, असे पाच रकाने असतात. त्यात सहावा घाला: 'आज सिस्टरसोबत कोणते काम केले?' तो रकाना कोरा ठेवून कुठल्याही साहेबाला जीपमध्ये बसता येऊ नये.